जानेवारीतल्या उघड्या काचा

शरयू इंदापूरकरची लाल रंगाची छोटी गाडी ग्वाल्हेरला नया बाजारच्या तोंडाशी उभी असायची. टपावर हिंदीत पाटी होती, 'केवल महिलाओं के लिए', आणि डाव्या सीटपुढे, शरयूच्या पायाशी, एक जादाचा ब्रेक आणि एक जादाचा क्लच. शिकायला बसलेली बाई समोर गाय दिसली की स्टिअरिंग सोडून डोळ्यांवर हात घ्यायची. शरयू पायाने गाडी थांबवायची आणि दळण आणायला सांगावं तशा सुरात म्हणायची, "डोळे उघडा. गाय गेली. आता पहिला गिअर."

तिचा आवाज चढत नसे, हीच तिची जाहिरात. शहराच्या लष्कर भागात निम्म्या घरांत नवऱ्यांनी बायकांना गाडी शिकवायचा एक प्रयत्न केलेला होता आणि त्यातल्या बऱ्याच जोडप्यांचं पुढे महिनाभर बोलणं बंद होतं. मग बाई शरयूकडे यायची. शरयूला शिव्या येत नव्हत्या अशातला भाग नाही. येत होत्या, मराठी आणि हिंदी दोन्ही, पण टेम्पोवाल्याला त्या ती इतक्या शांतपणे द्यायची की तो पुढच्या चौकात पोचेपर्यंत त्याला कळत नसे आपल्याला काय म्हटलं गेलं.

हा धंदा तिच्याकडे आला तो नवऱ्यामुळे. मधुसूदन विमा कंपनीत अपघातांचे दावे बघायचा. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून त्याच्या मनात अशी धास्ती बसली की स्वतःची नवी गाडी घरी आली त्याच दिवशी त्याने किल्ली बायकोला दिली. म्हणाला, "तू शिक. मी मागे बसेन." ती शिकली, मग शेजारणीला शिकवलं, मग शेजारणीच्या नणंदेला, आणि बघता बघता पाटी लागली.

असं सगळं बरं चाललं असताना सत्तेचाळिसाव्या वर्षी, भर मे महिन्यात, शरयू पेटली.

पेटली म्हणजे खरोखरच. गाडीत बसलेली असताना छातीतून एक आच निघाली, मानेवर चढली, कानांत गेली आणि चेहरा असा तापला की कपाळावर पापड भाजावा. मग घामाच्या धारा. मग पाच मिनिटांत हातापायांना गार कापरं. तिने घरी सांगितलं, मला फार गरम होतंय. आता मे महिन्यात ग्वाल्हेरात असं सांगितल्यावर कोण लक्ष देणार? बाहेर डांबर बुटाला चिकटत होतं. मुलगी प्रांजली मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, सबको हो रहा है." मधुसूदन म्हणाला, "गॅस असेल." मधुसूदनच्या शास्त्रात शरीराला दोनच रोग होते, गॅस आणि पाणी बदलणं, आणि शरयू कुठे बाहेरगावी गेली नव्हती.

मग शब्द हरवायला लागले. शिकणाऱ्या बाईला ती म्हणायची, "ते धरा, ते, गोल," आणि बाईच विचारायची, "स्टिअरिंग?" एकदा पेट्रोल भरायला गेली, रांगेत थांबली, चाकांत हवा भरून घेतली, पोऱ्याचे आभार मानले आणि पेट्रोल न घेता घरी आली. झोप मोडायला लागली. मोडली की शेजारी मधुसूदन शांत, सलग, समाधानाने घोरत पडलेला दिसायचा. तिने त्याला हलवून सांगितलं, "तुम्ही जरा कमी श्वास घ्या." तो बिचारा खरंच प्रयत्न करायला लागला. त्यावरही ती चिडली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. शरयूने आधी बोटांवर मोजलं, मग पंचांगावर, आणि मग दोन बॅच रद्द करून ती गरोदरपणाच्या चाचणीचं पाकीट आणायला निघाली. घराजवळच्या दुकानात जायचं नाही एवढी अक्कल शाबूत होती. पाटणकर बाजारातलं एक दुकान तिने लांबून हेरलं, आत गेली, आणि काउंटरमागून उभे राहिले जगदेवराव, मराठी मंडळाचे खजिनदार. दुकान त्यांच्या मेहुण्याचं होतं आणि मेहुणा जेवायला गेला होता.

"या वहिनी. काय देऊ?"

परत फिरणं म्हणजे आणखी संशय. शरयूने नाव सांगितलं आणि लगेच जोडलं, "एका विद्यार्थिनीसाठी हवंय."

"हो हो," जगदेवराव म्हणाले. त्यांनी ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि अस्थी सुपूर्द कराव्यात तशी दोन्ही हातांनी तिच्या हवाली केली.

संध्याकाळी मधुसूदन रोजच्यापेक्षा उशिरा घरी आला. त्याच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात जादाचं दूध. त्याने चप्पल कोपऱ्यात नीट लावली, जी तो कधी लावत नसे, आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"प्रांजलीला कसं सांगायचं?" त्याने हळूच विचारलं.

"काय सांगायचं?"

"ती वीस वर्षांची आहे. तिला कॉलेजात काय वाटेल." मग आणखी हळू, "जगदेवरावांनी भर बाजारात हात हातात घेतला माझा. म्हणाले, इंदापूरकर, या वयात, हिंमत आहे तुमची."

शरयूने चाचणी दुपारीच केली होती. "एक रेघ आहे," ती म्हणाली. "एक रेघ म्हणजे काही नाही. नारळ उद्या खोबऱ्याच्या वड्यांना होईल."

मधुसूदनने सुटकेचा मोठा श्वास सोडला. पण त्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी गेलं, बस चुकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावरून जातं तसं, आणि ते बघून शरयूला हसू फुटलं. ती हसतच सुटली. हसता हसता कुठेतरी सूर बदलला आणि मधुसूदनला कळेना, ही अजून हसतेय की रडतेय. तिलाही कळत नव्हतं. त्याने नारळ उगाच या हातातून त्या हातात घेतला आणि उठून दूध तापवायला गेला.

दिवाळीच्या सुमाराला पाळी परत आली, आणि आली ती जाण्याचं नाव घेईना. दोन आठवडे उलटले, तिसरा लागला. शरयूने गाडीच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर जाड टॉवेल, आणि गडद रंगाच्या सलवारी बाहेर काढल्या. जिने चढताना दम लागायचा. एक दिवस पडावच्या पुलावर, गाडी चढावर उभी असताना, छातीत असं धडधडायला लागलं की तिला वाटलं, संपलं, आणि तेही दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या बाईच्या शेजारी.

ती डॉक्टरकडे गेली. हृदयाचा आलेख ठीक निघाला. डॉक्टर सज्जन होते, वयस्कर होते, आणि त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की बायका फार टेन्शन घेतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळीचं त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर तिला टेन्शन आलं.

आता सोनिकाची गोष्ट. सोनिका ही एका मराठा घरातली तरुण सून, नोकरीवर जायला तिला गाडी शिकायची होती. सासरे विश्वासराव फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर, सुनेबरोबर सासूने गाडीत बसायचं. म्हणून जानेवारीत रोज सकाळी सोनिका पुढे चालवायची आणि मागच्या सीटवर सुधाताई बसायच्या. अंगावर दोन शाली, डोक्यावर विश्वासरावांची कानटोपी, मांडीवर पर्स. वयाने साठीच्या आसपास. बोलायच्या कमी, पण लग्नघरातली व्यवस्था तपासावी तशा नजरेने सगळं बघत असायच्या.

जानेवारीतलं ग्वाल्हेरचं धुकं म्हणजे समोर म्हैस आहे की बस हे हॉर्नवरून ओळखायचं. लोक तोंडाला मफलर गुंडाळून चहाच्या टपरीला चिकटलेले. आणि अशात शरयू गाडीच्या चारी काचा खाली करायची. स्वेटर काढून मागे टाकायची. पहिल्या दिवशी सोनिकाला वाटलं, धुकं बघायला काचा उघडल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिचे दात वाजायला लागले.

"मॅडम, थोडं बंद करू का? हात सुन्न होऊन राहिलेत माझे."

"स्टिअरिंग घट्ट धरा, ऊब येते," शरयू म्हणाली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मागच्या सीटवरच्या दोन शालींतून सुधाताईंनी तो घाम बघितला.

जे झालं ते त्याच आठवड्यात झालं. फूलबागेच्या पुढे रस्ता जरा मोकळा होता, धुकं पातळ झालं होतं. शरयूच्या मनात होतं, डावीकडे वळायचं. तोंडातून निघालं, "उजवीकडे घ्या." सोनिका आज्ञाधारक सून होती. तिने उजवीकडे घेतलं. उजवीकडे तीळगुळाची खुसखुशीत गजक विकणाऱ्याचा हातगाडा होता. शरयूचा पाय ब्रेकवर पडला, पण नेहमीपेक्षा अर्धा क्षण उशिरा, आणि गाडीच्या नाकाने हातगाड्याला एक हलका टोला दिला. मोडलं काहीच नाही. फक्त तिळाच्या गजकीचं एक अख्खं ताट सावकाश घसरलं आणि लाल बॉनेटवर पसरलं.

गजकवाला म्हणाला, "मैडम, दिखता नहीं है क्या?"

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण शरयू दार उघडून बाहेर पडली, त्या थंडीत अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यावर, आणि तिने तोंड सोडलं. ज्या शिव्या ती एवढी वर्षं हळू आवाजात देत आली होती त्या सगळ्या एकदम मोठ्याने बाहेर आल्या. गजकवाल्याला दिल्या, धुक्याला दिल्या, पडावच्या पुलाला दिल्या. चहावाला किटली हातात धरून ऐकत राहिला. गजकवाला आधी चिडला होता, मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. कारण बाईचा आवाज मध्येच तुटला आणि ती फुटपाथवर खाली बसली, पाय पसरून, लहान मूल बसतं तशी.

सुधाताई गाडीतून उतरल्या. त्यांनी गजकवाल्याला सांगितलं, पडलेली सगळी बांधून दे, आम्ही नेतो. चहावाल्याला खूण केली. मग एक शाल काढून शरयूच्या खांद्यावर टाकली आणि तिला धरून मागच्या सीटवर आणून बसवलं.

"माझ्याकडून असं कधी झालं नाही," शरयू म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"हे पेटणं."

शरयूने त्यांच्याकडे बघितलं. मेपासून पहिल्यांदा कोणीतरी नेमका शब्द वापरला होता.

"मला पण व्हायचं," सुधाताई म्हणाल्या. चहाचा ग्लास त्यांनी तिच्या हातात दिला. "नवरात्रात आरती चालू होती. मला अशी आग आली, की मी डोक्यावरचा पदर फेकला, केस सोडले, आणि उभ्या उभ्या डोलायला लागले. दुसरं काय करणार, चक्कर येत होती. आमच्या आत्याबाई धाडकन माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, देवी आली."

"मग?"

"मग काय. मी येऊ दिली."

ड्रायव्हरच्या सीटवरून सोनिका पूर्ण मागे वळली. "आईसाहेब, ये सच में हुआ था?"

"तू पुढे बघ."

"गाडी बंद आहे."

"तरी पुढे बघ." सुधाताईंनी कानटोपी सारखी केली. "शरयूबाई, लग्न झाल्यापासून मी सांगत होते, स्वयंपाकघरात गरमी फार होते. कोणाला ऐकू आलं नाही. देवीने एकदा सांगितलं, दुसऱ्या दिवशी कूलर बसला. देवीने सांगितलं, हिला दुपारी उठवायचं नाही, कोणी उठवलं नाही. देवीने यांना सांगितलं की दर रविवारी न कळवता मटण खायला चार मित्र आणायचे नाहीत. विश्वासराव फौजी माणूस, कोणाला घाबरत नाहीत. पण हात जोडून उभे होते."

शरयूला चहा पिता पिता ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी ती नुसती हसत होती, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

"हसा," सुधाताई म्हणाल्या. "मी पण हसले. लोक ओटी भरून जायचे, साड्या यायच्या. दोन वर्षं मजेत गेली. मग रक्त जायला लागलं. थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, देवीचा कोप आहे, उपास कर. मी उपास केले. रक्त जातंय आणि वर उपास. एक दिवस त्या कूलरपुढेच पडले. हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. बाटल्या चढवल्या. तिथल्या डॉक्टरणीने यांना विचारलं, इतके दिवस काय करत होतात? हे काय सांगणार, पूजा करत होतो?"

बाहेर गजकवाला बॉनेट फडक्याने पुसत होता.

"तुम्हाला पण जातंय ना?" सुधाताईंनी विचारलं. "सीटवर टॉवेल असतो. मी रोज बघते."

शरयूने मान डोलावली.

"उद्या माझ्याबरोबर चला."

"उद्या दोन बॅच आहेत."

"त्यांना कळवा, देवी आली आहे."

डॉ. अवंतिका या ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या आणि बोलताना वेलदोडा चघळत होत्या. सुधाताई बाहेर बाकावर थांबल्या होत्या, आणि शरयूबरोबर आत मधुसूदनही आला होता. बायकांच्या दवाखान्यात तो कपाटात लपलेल्या माणसासारखा अंग चोरून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टेन्शन हा शब्द वापरला नाही, आणि विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी रोज येतं?"

"एक दिवसाआड," मधुसूदन म्हणाला. इथे त्याला उत्तर येत होतं.

"रोज ठरल्या वेळी यायचं, तेव्हा घर सुरळीत चालायचं. मग कधी धो धो, कधी थेंब, कधी तीन दिवस काही नाही, तर काय होईल?"

"भांडणं होतील."

"तेच चाललंय यांच्या शरीरात. बीजकोश दर महिन्याला इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन सोडतात. पाळी जायची वेळ जवळ आली की ते हळूहळू कमी होत नाही, वर खाली उड्या मारतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, ती हळवी होते. जरासं काही झालं की तिला वाटतं आग लागली, आणि ती पंप सुरू करते. म्हणून घाम. झोप जाते, म्हणून चिडचिड. शब्द सापडत नाहीत, सांधे दुखतात, धडधडतं. याला पेरिमेनोपॉज म्हणतात, काही वर्षं चालू शकतं. सलग एक वर्ष पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं."

"म्हणजे मला वेड लागत नाहीये," शरयू म्हणाली.

"नाही. निदान याच्यामुळे तरी नाही." त्यांनी वेलदोडा या गालातून त्या गालात नेला. "आणि तोवर दिवस राहू शकतात बरं का. काळजी घ्यायची." मधुसूदन छताचा पंखा निरखायला लागला. "पण हे रक्त जाणं मात्र वयाच्या नावावर खपवायचं नाही. पाळी पुढेमागे होईल. पण आठवडेच्या आठवडे जाणं, गाठी पडणं, हे तपासायलाच पाहिजे. आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसलं, तरी त्याच आठवड्यात यायचं."

"गॅसचं काही..." मधुसूदन म्हणाला.

"गॅस तुम्हाला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक होतं. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं होतं की ही बाई जिने कशी चढत होती याचंच त्यांना नवल वाटलं. सोनोग्राफीत एक लहान गाठ दिसली, साधी. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते उत्तर येईपर्यंतचे दिवस शरयूने फार वाईट काढले. मधुसूदनने त्या दिवसांत रोज भाजी आणली, रोज चुकीची आणली, आणि ती काही बोलली नाही यावरून तो समजला की ती घाबरली आहे. उत्तर चांगलं आलं. त्या दिवशी तिने त्याला भोपळ्यावरून मनसोक्त झापलं आणि दोघांनाही बरं वाटलं.

मग उपाय. लोहाच्या गोळ्या. गर्भाशयात बसवायचं एक छोटं साधन, ज्यातून हार्मोन थोडं थोडं झिरपतं, रक्त आटोक्यात येतं आणि दिवस राहायची धास्तीही जाते. आणि दंडाला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल. ते लिहून देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, रक्तदाब? सांगितलं की हे सगळ्यांना चालत नाही, ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, आणि काही बायकांना औषध लागतच नाही. तुम्हाला चालेल, पण घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शरयूने दोन दिवस विचार केला. मग ठरवलं की फुटपाथवर पुन्हा बसायची तिची इच्छा नाही.

"पण साधनामुळे पाळी थांबली की आपोआप, हे कळणार कसं?" तिने विचारलं.

"नाही कळणार. वय झालं की आपण अंदाज बांधू. तोपर्यंत वजनं उचला, दूध-दही खा, हाडं सांभाळा, आणि वर्षातून एकदा तोंड दाखवा."

जेल आणायला ती मुद्दाम पाटणकर बाजारात गेली. दुकानात मंडळाचे दोन सभासद बसले होते. शरयूने नाव सांगितलं, आणि जगदेवराव वर्तमानपत्राचा कागद शोधायला लागले.

"कागद नको. पाळी जाताना घ्यायचं औषध आहे, बॉम्ब नाही."

"वहिनी, जरा हळू," जगदेवराव म्हणाले. दोघे सभासद एकदम रस्त्यावरची रहदारी बघायला लागले.

"हळू सांगितलं की तुम्ही चुकीचं ऐकता. मागच्या वेळी आमच्या यांनी नारळ आणला होता."

घरात सांगायचं राहिलं होतं ते प्रांजलीला. शरयूने जेवताना सगळं सांगितलं, साधनासकट. प्रांजलीने घास खाली ठेवला. "आई, तूने पहले क्यों नहीं बताया? मला वाटून राहिलं होतं तू बाबांना सोडून जाणार. मी तर ठरवून पण टाकलं होतं कोणाबरोबर राहायचं ते."

"कोणाबरोबर?" मधुसूदनने विचारलं.

प्रांजलीने आमटीचं भांडं आईकडे सरकवलं, आणि मधुसूदन पानातला भात नुसता कालवत बसला.

सगळं एका रात्रीत ठीक झालं असं नाही. रक्त आटोक्यात यायला काही महिने गेले. आच अजूनही अधूनमधून येते, पण पूर्वीसारखी जाळत नाही. आली की शरयू गाडी कडेला घ्यायला सांगते, काचा उघडते, आणि शिकणाऱ्या बाईला सरळ सांगते, "माझी पाळी जायच्या बेताला आहे. पाच मिनिटं थांबू." बहुतेक बायका आधी लाजतात. मग त्यातली एखादी म्हणते, माझ्या मोठ्या बहिणीला पण असंच होतंय, ती तर महिनाभर झोपलीच नाही. चाळिशीपुढची बाई नाव घालायला आली की शरयू आता चष्म्याच्या नंबराबरोबर पाळीचंही विचारते. एका बाईने विचारलं, त्याचा गाडीशी काय संबंध? शरयू म्हणाली, "माझा होता. गजकवाल्याला विचारा." आतापर्यंत पाचसहा जणींना तिने डॉ. अवंतिकांकडे धाडलं आहे, त्यातल्या एकीला स्वतःच गाडीत घालून, कारण ती बाई टॉवेलवर बसली होती. मधुसूदन पंख्याखाली स्वेटर घालून झोपतो आणि त्याबद्दल ऑफिसात अभिमानाने सांगतो.

सोनिका पहिल्याच परीक्षेत पास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी सुधाताई एकट्याच आल्या आणि येऊन सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"विश्वासरावांना विचारलंत?" शरयूने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, या वयात? मी म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर देवीला विचारू. मग त्यांनी पेपरात डोकं घातलं."

सुधाताई शिकवायला कठीण होत्या. त्या सगळे नियम पाळायच्या आणि दुसऱ्यांनीही पाळावेत म्हणून गाडी मध्येच थांबवून काच खाली करून समजावून सांगायच्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, कारण आठचा आकडा काढता काढता त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं की त्याने आखलेला आठ वाकडा आहे. आठ खरोखरच वाकडा होता, पण ते वेगळं. दुसऱ्या वेळी तोंड बंद ठेवून पास झाल्या. घरी पेढे वाटले ते विश्वासरावांनी, फाटकाशी उभं राहून, जणू लढाई त्यांनीच जिंकली होती.

होळीनंतर सुधाताईंनी माहेरी, झाशीला, स्वतः गाडी घेऊन जायचं ठरवलं. शरयू पडावच्या पुलावर एका नव्या मुलीला चढावर गाडी कशी सोडायची ते दाखवत होती तेव्हा फोन आला.

"झाशीच्या वाटेवर डबरा गावात थांबलोय," सुधाताई म्हणाल्या. "हे उतरलेत. म्हणतात, इथून बसने येतो."

"का? काय झालं?"

"काही नाही. एका ट्रकला मागे टाकलं फक्त. तेव्हापासून रामरक्षा म्हणून राहिलेत."

शरयूने पायाने ब्रेक दाबून धरला, कारण शेजारची मुलगी गाडी मागे सोडत होती. "त्यांना चहा पाजा आणि बसवा. आणि पुढचा ट्रक जाऊ द्या, सुधाताई. झाशी कुठे पळून जात नाही."